शंभरानं भागायचं राहून गेलं

आमचे हे एक्स-रे काढायचे. छत्तीस वर्षं तेच काम. "श्वास घ्या, धरा, सोडा," असं झोपेतसुद्धा बडबडायचे आणि शेजारी मी वेड्यासारखी खरंच श्वास धरायचे. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी असा की विचारू नका. किरणं मोजायची नवी मापं येऊन किती वर्षं लोटली, तरी यांच्या डोक्यात आणि भिंतीवरच्या पिवळ्या तक्त्यात जुनंच माप, मिलिरॅड. नवी मंडळी मिलिग्रे म्हणायची. हे म्हणायचे, "शंभरानं भागा की! कुणाचा जीव जातोय?"

जाणारच होता.

त्या दिवशी हे डबा विसरले, म्हणून मी चरफडत हॉस्पिटलात गेले. बघते तर एक म्हातारी यांच्या अंगावर धावून जात होती. "तुमच्या मशीननं माझं नातवंड खाल्लं!"

झालं होतं असं. महिन्यापूर्वी तिच्या सुनेच्या पोटाचे यांनी दोन एक्स-रे काढले होते. तिला दिवस गेलेत हे तेव्हा तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. कळल्यावर नवरा विचारायला आला, बाळाला किरणं किती लागली असतील? यांनी तक्ता बघून चिठ्ठीवर लिहून दिलं, "अंदाजे २००". सुनेच्या दिरानं कुठेसं वाचलं की शंभर मिलिग्रेच्या पुढे बाळाला धोका. हे तर दोनशे! लग्नाला आठ वर्षं झाल्यावर राहिलेलं मूल, आणि ते त्या दिवशी अकरा वाजता पाडायचं ठरलं होतं.

यांनी चिठ्ठी मागून घेतली. "मी माप लिहिलंच नाही," एवढंच म्हणाले. घड्याळात पावणेअकरा. नर्सिंग होमला फोन लावला, कुणी उचलेना. मग हे पळत सुटले. दोन गल्ल्या पलीकडे नर्सिंग होम, वाटेत एक चप्पल निसटली ती तिथेच. मागून मी आणि म्हातारी धापा टाकत.

सुनेला आत न्यायचीच तयारी चालली होती. हे थेट डॉक्टरीणबाईंसमोर उभे राहिले. "बाई, तो आकडा माझा. दोनशे मिलिरॅड आहेत ते, मिलिग्रे नव्हेत. शंभर मिलिरॅडचा एक मिलिग्रे. म्हणजे बाळाला लागले फक्त दोन मिलिग्रे."

"मग लिहिलं का नाहीत?" दीर ओरडला.

"चुकलो," हे म्हणाले. नोकरीचं शेवटचं वर्ष, तरी तिथेच कागद मागून चूक लिहून दिली, खाली सही केली. डॉक्टरीणबाईंनी हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांना फोन केला, सगळा हिशोब पुन्हा करून घेतला. मग सुनेच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ऊठ बाळा, घरी जा. एवढ्यासाठी हे मूल पाडायचं काही कारण नाही." म्हातारीनं तिथेच बसकण मारली.

यांना मेमो मिळाला. उरलेलं वर्ष रेकॉर्डच्या खोलीत काढलं. पिवळा तक्ता त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवला.

मुलगी झाली, गोरीगोमटी, धडधाकट. तिची आई दर वाढदिवसाला पोरीला घेऊन आमच्या घरी येते. पण हे आतल्या खोलीतून बाहेर म्हणून येत नाहीत. मी चिडते, भांडते. यांचं एकच, "तिला कोणत्या तोंडानं भेटू?"

गेल्या आठवड्यात ती सात वर्षांची झाली. मला बाजूला सारून वही घेऊन सरळ आतल्या खोलीत शिरली. "आजोबा, माझं उत्तर बरोबर आहे ना? नुसतं सेंटिमीटर लिहायचं राहिलं, तर बाईंनी अर्धा मार्क कापला!"

यांनी वही हातात घेतली.

"अर्धाच कापला?" म्हणाले, आणि ढसाढसा रडायला लागले.

पोर भांबावली. मग यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे ना आजोबा. पुढच्या वेळी लिहीन मी."