एक लाख एक वाती

यज्ञेश्वर मास्तरांना रस्त्याने सरळ चालणं कधी जमलं नाही. समोरून मोटार आली की तिच्या नंबराला कशाने भाग जाऊन तो फुटतो ते बघायचं, आणि एखादा कशानेच फुटला नाही की दिवसभर खूश. कोल्हापुरातल्या मुलींच्या शाळेत ते गणित शिकवत. घरी मात्र वर्षभर त्यांचं काही चालत नव्हतं.

झालं होतं असं. हळदीकुंकवात समोरच्या अक्कांनी मास्तरांच्या बायकोच्या, प्रमोदिनीच्या खिरापतीला नावं ठेवली. "तुमच्याकडे तर तीही मिळत नाही," असं प्रमोदिनीने सुनावलं आणि दोन घरांचं येणंजाणं बंद झालं; मास्तरांनी समजावूनही ती ऐकेना. बावन्न सालच्या श्रावणात कसबा बावड्यातल्या त्यांच्या गल्लीतल्या बायकांनी अंबाबाईला एक लाख एक वाती वाहायचं ठरवलं. अक्कांच्या सोप्यात दहाजणी कापूस घेऊन वाती वळायला बसल्या. प्रमोदिनीला कुणी बोलावलं नाही. जीव तिकडे ओढत होता, पण आपणहून जाईल तर शपथ.

एका रविवारी अक्काच दारात उभ्या राहिल्या.

"मास्तर, दहाजणींनी धा-धा हजार वळायच्या, हे ठीक हाय. पर वरची एक कुणी वळायची? सगळं पुण्य तिच्यातच म्हणून भांडाय लागल्यात. नऊजणी करा, बाराजणी करा, पर सारख्या वाटण्या करून द्या की. वर एक उरता कामा न्हाय."

मास्तर पाटी घेऊन भिडले. दोनाने भाग जाईना, तिनाने जाईना. तिनाने नाही म्हणजे नऊ आणि बाराही बाद. पाच नाही, सात नाही. मग अकरा लावले आणि बाकी शून्य. प्रत्येकीला नऊ हजार एक्क्याण्णव. तो आकडा पुढे फुटतो का, हेही त्यांनी पाऊण तास घासून पाहिलं. फुटेना. अकरावी बाई कोण, हे त्यांच्या ध्यानात आलं ते त्यानंतर.

"अक्का, अकराजणी लागतील. नाहीतर नऊ हजार एक्क्याण्णव. त्याच्या पुढं थेट लाखावर एक. मधे काही नाही."

"नऊ हजार बाया सगळ्या कसबा बावड्यात मिळायच्या न्हाईत," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी डोळे बारीक केले. "बायकोसाठी आकडा वाकवला न्हाय न्हवं?"

"तुम्हीच पडताळा. नऊ हजार एक्क्याण्णवची दहापट, नव्वद हजार नऊशे दहा. त्यात आणखी एकदा नऊ हजार एक्क्याण्णव घाला."

अक्कांनी बोटांवर दोनदा मोजलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून त्या म्हणाल्या, "प्रमोदिनी, उद्या दोन वाजता ये. आणि वाती बारीक वळ."

प्रमोदिनी दाराआडच होती. पदराला हात पुसत ती बाहेर आली.

"उद्या कशाला? आत्ताच येते की," असं म्हणून ती अक्कांच्याही पुढे निघाली.

मास्तरांनी त्या दुपारी आपल्या हाताने वाढून घेतलं. आमटी गार होती, तरी एक भाकरी जास्त गेली.