चिमणीकडे बघून पापड

कोळसा का बंद करावा यावर व्याख्यान द्यायला मी बॅटरीच्या स्कूटरवरून सायखेड्याला निघालो होतो. एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्राजवळ बॅटरीच संपली. ‘पृथ्वी वाचवा’ असं लिहिलेली स्कूटर ढकलत मी एका भज्यांच्या टपरीवर पोचलो.

टपरीवाल्या मावशींनी काही न विचारता चार्जिंगला विजेचा बोर्ड दाखवला, मी वायर लावली. मग बाजेवर पापड घालण्याआधी त्यांनी मान वर करून केंद्राच्या चिमणीकडे पाहिलं. वारा इकडे वळला की वाळवणावर राख पडते, म्हणून तिथल्या सगळ्याच बायका आधी चिमणी बघतात.

व्याख्यान माझ्या अंगात आलेलंच होतं. म्हटलं, “मावशी, काही वर्षांत ही चिमणी बंद होईल. मग बघा, पापड कसे पांढरेशुभ्र राहतील!”

हेच वाक्य नाशकात टाळ्या घेतं.

“राहतील ना,” पापड पसरत त्या म्हणाल्या. “पण खायला कोण राहील? पोरगा आतच कामाला हाय. गिऱ्हाईक समदं आतलंच.”

ओशाळून मी वायर काढायला गेलो.

“राहू द्या भाऊ,” त्या म्हणाल्या. “चिमणी चालू हाय तवर घ्या भरून.”

मी बसलो आणि बॅटरी पूर्ण भरून घेतली.