पाच पायऱ्या

फ्रान्समधल्या या किल्ल्याच्या गावात नुसता चढ. आमची टूर पुढे गेली आणि मी जिन्यात एका गोऱ्या म्हाताऱ्याकडे बघत राहिलो. तो दर चार पायऱ्यांना थांबायचा, मागून धापा टाकत येणाऱ्या बायकोसाठी. तिची पर्स याच्याच खांद्यावर. लाजबीज काही नाही.

लग्न झाल्यावर जेजुरीला मी सुमनला उचलून पाच पायऱ्या चढलो, रीत म्हणून. मग खाली ठेवली ती ठेवलीच. पुढे जन्मभर कुठेही गेलो तरी मी पुढे, ती मागे. गुडघे दुखायचे, म्हणून भिंत धरून चढायची. मी वरून ओरडायचो, "आलीस का? देव जेवून झोपला!"

"झोपू दे. तुम्ही जागे आहात ना?" ती म्हणायची.

उतरून हात कधी दिला नाही. चार माणसं हसली असती. गेल्या वर्षी सुमन गेली. तेवढी एकदाच माझ्या पुढे.

"काका, चला, राजाचा महाल बघायचाय!" टूरवाली पोरगी वरून ओरडली.

"तुम्ही बघा," म्हटलं आणि तिथेच पायरीवर बसलो, भिंतीकडची बाजू मोकळी सोडून.