बेवारस यादीतली पोथी

वर्तमानपत्रातली ती नोटीस मीच बाबांना वाचून दाखवली. मालवणच्या एका संग्रहालयाने, कुणी परत न्यायला न आलेल्या वस्तूंची यादी छापली होती. महिन्याभरात पुराव्यासह हक्क सांगा, नाहीतर वस्तू संग्रहालयाच्या मालकीच्या. त्यात एक चित्रकथी पोथी होती, रामायणाच्या सुट्या चित्रांची. देणाऱ्याची नोंद नाही. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आपलीच ती," ते म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी शाळेत असताना आमच्या पिंगुळीच्या घरातली पोथी वाळवीने खाल्ली आणि बाबांनी ती व्हाळात सोडली, हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. आमच्यात फाटकी पोथी टाकत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात. काका त्या दिवशी परगावी होते. परत आल्यावर त्यांनी त्याच व्हाळात नारळ सोडला आणि दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत.

खरं म्हणजे बाबांनी ती संग्रहालयाला दुरुस्तीसाठी दिली होती. पोथी दोघा भावांची. चित्रं दाखवत कथा गायचे काका, बाबा नुसते टाळ धरायचे. काकांनी पोथी उंबऱ्याबाहेर जाऊच दिली नसती. नीट होऊन आली की सांगू, असं बाबांनी ठरवलं आणि मग जीभच रेटेना. पावती काकांच्या हाती लागेल म्हणून ती चुलीत घातली! मला असा संताप आला की बाबांसमोरून मी उठूनच गेलो.

संग्रहालयाचे अधिकारी सज्जन होते, पण कागदाला पक्के. पावती नसेल तर दुसऱ्या हक्कदाराचा जबाब हवा. मुदतीला चार दिवस राहिले होते. मी काकांना एवढंच म्हटलं, एक पोथी ओळखायची आहे, चला. खरं सांगायचं धैर्य माझ्यातही नव्हतं.

संग्रहालयात आम्हा तिघांसमोर अधिकाऱ्यांनी टेबलावर पोथीभोवतीचं फडकं सोडलं. चित्रांचा क्रम चुकला होता. काकांनी एकेक चित्र उचलून जागेवर लावलं. त्यांचे ओठ हलत होते.

"दादा, ही खंय गावली?"

बाबा अधिकाऱ्यांकडे बघत म्हणाले, "मी भावाला खोटं सांगितलं होतं. लिहून घ्या."

"माज्याकडे बघान सांग."

"खोटा सांगलंय रे तुका."

काकांचा आवाज चढला. "पोथी गेली म्हणान मी कथा सोडलंय. बांद्याक दुकानात वजनां करूक लागलंय. आनी ही हय फडक्यात?"

आता हे उठून जाणार, असं मी धरूनच चाललो होतो. अधिकाऱ्यांनी कागद पुढे केला. काकांनी तो पहिल्या ओळीपासून वाचून काढला आणि सही केली. शिक्का बसला.

"पोथी आता तुमची," अधिकारी म्हणाले.

बाबांनी ती काकांपुढे सरकवली. "एक पद म्हण रे. खंयचाय चलात."

काकांनी पहिल्या चित्रावर बोट ठेवलं. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

"चित्रां सगळी वळखलंय, दादा," ते म्हणाले. "पदां गेली."

बाबांना ती कधीच येत नव्हती. मला तर पहिली ओळसुद्धा कुणी शिकवली नव्हती.