पालखीच्या खांद्याचा चोरून सराव

साल दोन हजार तीन, माझं वय सदुसष्ट, आणि वजन कसं उचलायचं हे मला कुणी शिकवायची गरज न्हाई असं माझं ठाम मत होतं.

आमच्या मार्गासनीत जत्रेला पालखीचा पुढचा खांदा आमच्या घराचा. घरातल्या थोरल्यानं पालखी जमिनीवरनं उचलायची. त्याला न्हाई जमलं, तर मान चुलत घरात, म्हणजे किसनाकडं जातो. जत्रा महिन्यावर आलेली, आणि मला जेवणाच्या पाटावरनं उठताना भिंत धरावी लागायची! (हे कुणाला सांगितलं नव्हतं. भिंतीलाच ठाऊक.) काळजीनं जेवण जाईना.

त्यात सूनबाई सुमन, शाळेत खेळाची बाई, तिनं खळ्यावर नवंच काढलं. चार बायका जमवायच्या, तेलाच्या डब्यांत वाळू भरायची आणि खाली बसून ते उचलायचे. चारांत माझी बायको पारूबी!

"आबा, तुमीबी या," सुमन म्हणाली. "पाठ सरळ, जोर मांड्यांचा. थोडीच माणसं असली की एकमेकांच्या चुका दिसत्यात."

"म्या भाताची पोती उचलून म्हातारा झालो, पोरी! मला डबा शिकवतीस?"

"अवो, माझा गुडघा बघा," पारू म्हणाली. "भरली कळशी घेऊन उठते आता, भिंतीला हात न लावता."

भिंतीचं नाव निघालं! हिला कळलंय की काय!

मग ठरवलं, चोरून सराव करायचा. डबा-बिबा न्हाई, थेट पालखीच! सकाळी बायका खळ्यावर गेल्या तसा गोठ्यात शिरलो. लांब बांबूच्या एका टोकाला भाताचं पोतं बांधलं, दुसऱ्या टोकाला पेंडीचं. मधोमध खाली बसलो, बांबू खांद्यावर घेतला, देवाचं नाव घेतलं आणि उठलो.

म्हणजे, उठायला निघालो. वीतभर वर आलो आणि तिथंच कंबर धरली! वर न्हाई, खाली न्हाई. पोती अधांतरी, मीबी अधांतरी.

तेवढ्यात म्हशीनं मान लांब करून पेंडीच्या पोत्याला तोंड लावलं.

"ए! हाट! हाट गं!"

ती कशाला ऐकतीय! पोतं फाटलं, पेंड भसाभस सांडली, ते टोक हलकं झालं. भाताचं टोक धाडकन खाली, आणि मी बांबूसकट शेणात उताणा!

ओरडायचं न्हाई असं ठरवलं. किसनाचं घर अगदी लागून. तरी "आई गं" निघालंच, आणि लई मोठ्यानं.

सगळ्या धावत आल्या. त्यात किसनाची बायको सगुणाबी!

"हात लावू नका, म्या उठतो!" म्हणालो. उठलो न्हाई.

"पाठ सरळ, जोर मांड्यांत," सुमन बायांना म्हणाली. "येक, दोन..." तीन म्हणायच्या आत मी उभा! सदुसष्ट वर्षांचा गडी शेणासकट उचलला, आणि एकीलाबी धाप न्हाई.

"सगुणे, किसनाला सांगू नकोस. मान जाईल."

"मी कशाला सांगू, भावजी? मान आमच्याकडं आला तर ह्यांना पालखी उचलावी लागंल, आणि ह्यांना पाटावरनं मीच उठवते! तुमी उद्यापास्नं खळ्यावर या, पाया पडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खळ्यावर बायांच्या मागं जाऊन उभा राहिलो. सुमननं पुढं डबा ठेवला. रिकामा.

"वाळू कुठंय?" मी ताठ्यात विचारलं.

"आधी हा उचला, आबा."

उचलला. खरं सांगतो, आत थोडी वाळू राहिलेली असणार!