साडूचे अठ्ठेचाळीस तास

माझ्या साडूइतका उतावळा माणूस नागपुरात दुसरा नाही, आणि असलाच तर तो एव्हाना नागपूर सोडून पुढे निघून गेला असेल. त्याच्या लग्नात वरात मुलीकडच्यांच्या आधी कार्यालयावर पोचली आणि नवरदेव कुलूपबंद दारासमोर पाऊण तास उभा होता. घरी कढीपत्ता लावला, तर मुळं धरली का ते पाहायला रोज सकाळी रोपटं उपटायचा. ते वाळलं तेव्हा म्हणाला, "रोपवाल्यानं फसवलं गा भाऊ मले." कुकरची तिसरी शिट्टी त्याच्या घरात कोणी ऐकलेली नाही. मेव्हणी बिचारी तीस वर्षं अर्धकच्ची डाळ खाते आहे.

हा गृहस्थ मिहानमधल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. स्टोअरच्या टेबलावर एक कॉम्प्युटर होता, तेवढ्या भांडवलावर आमच्या सासुरवाडीत तो कॉम्प्युटरमधला जाणकार ठरला. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय! त्यामुळे आमची मुलगी सासरी गेल्यावर माझ्या बायकोने संत्र्याची बर्फी विकायचं मनावर घेतलं, तेव्हा वेबसाइटचं काम आपसूक त्याच्याकडे गेलं. शनिवारी प्रताप नगरात महिलांचं प्रदर्शन होतं. बायकोने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने काही मांडायचं ठरवलं होतं. साइटचं नाव नुसतं ठरलं तोच साडूच्या घाईने डब्यांची लेबलं छापूनही आली होती आणि ऑर्डर द्यायला त्यांवर फक्त वेबसाइटचा पत्ता होता. मी साडूला बजावलं, "साइटचं नाव एकाच वर्षासाठी विकत घे. हिचा उत्साह त्याच्यापुढे टिकायचा नाही." त्याने नुसती मान हलवली.

मंगळवारी त्याने एका कंपनीकडून नाव घेतलं आणि दुसऱ्या कंपनीकडे दुकान मांडलं. आता त्या नावाने येणाऱ्याला दुकानाचा रस्ता दाखवतात ते नेमसर्व्हर. ते बदलले की ही बातमी सगळीकडे पोचायला एखाद-दोन दिवस लागतात. एवढंच थांबायचं होतं, पण थांबेल तो माझा साडू कसला! वीस मिनिटांत साइट दिसेना म्हणून त्याने जुने नेमसर्व्हर परत घातले. जेवण झाल्यावर पुन्हा नवे घातले. संध्याकाळी कुठलासा व्हिडिओ पाहून तिसऱ्याच कंपनीचे घातले. एक बातमी वाटेत असतानाच हा दुसरी धाडायचा. बुधवारभर हेच चाललं. माझ्या मोबाईलवर "ही जागा राखीव आहे" दिसायचं, बायकोच्या मोबाईलवर कोरं पान आणि शेजाऱ्यांच्या मोबाईलवर काहीच नाही. मदतकेंद्रातल्या मुलीला त्याने इतक्यांदा फोन केला की ती त्याला आवाजावरून ओळखू लागली. तिचं एकच म्हणणं होतं, "सर, एकदा बरोबर भरा आणि अठ्ठेचाळीस तास हात लावू नका."

"अठ्ठेचाळीस तासात तं माणूस दिल्लीले जाऊन परत येते!" तो माझ्यावरच खेकसला. "काहून होऊन नाही राहिलं, ते सांग ना म्हणा तिले!"

गुरुवारी सकाळी बायको लेबलांच्या गठ्ठ्यासमोर बसून रडली. मी साडूला नको नको ते बोललो. तो खाली मान घालून मोबाईलवर पुन्हा काहीतरी बदलायलाच निघाला होता. बायकोने डोळे पुसले आणि त्याच्यासमोर हात पसरला. "भाऊजी, त्या पोरीनं सांगितलेलं एकदा नीट भरा. अन् मग तो मोबाईल इकडे द्या. हा झारा घ्या."

संत्र्याची बर्फी कढईत घोटत असताना हात थांबला की ती खाली लागते, हे त्याला माहीत होतं. दोन दिवस तो आमच्या स्वयंपाकघरात घामाघूम होऊन घोटत राहिला. दर दोन मिनिटांनी विचारायचा, "झालं काय वं ताई?" ताई म्हणायची, "नाही झालं." मोबाईल तिने पिठाच्या डब्यामागे ठेवला होता.

शनिवारी सकाळी साइट उघडली. तिच्यावर बर्फीचा फोटो होता आणि खाली बायकोचं पूर्ण नाव. "पाह्यलं? मी म्हणतच होतो, सेटिंग बरोबर आहे," साडू म्हणाला. हात काढल्यामुळे झालेलं काम स्वतःच्या हातगुणावर खपवायला फार कोडगेपणा लागतो. तो त्याच्याकडे भरपूर आहे, असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलो.

आता तो लेकीकडे बंगळुरूला राहायला गेला आहे. मागच्या आठवड्यात मला एकदम आठवलं की या नावाची मुदत आपण कधी पाहिलीच नाही, एका वर्षाची मुदत तर केव्हाच संपली असणार, मग साइट चालते कशी? घाबरत नाववाल्या कंपनीचं खातं उघडून पाहिलं. मुदत संपायला अजून पाच वर्षं होती. साडूने पहिल्याच दिवशी, मला न सांगता, नाव दहा वर्षांसाठी घेऊन ठेवलं होतं. डाळ शिजेपर्यंत ज्याला धीर नव्हता, त्याने माझ्या बायकोवर दहा वर्षांचा भरवसा टाकला होता, आणि मी तिला एक वर्षसुद्धा दिलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. "काहून गा भाऊ, बंद पडली काय साइट?"

"नाही," मी म्हटलं. "चालू आहे."

"मंग ठेवतो," म्हणाला, आणि ठेवलाही.

बायको आत बर्फी घोटत होती. मी जाऊन तिच्या हातातला झारा घेतला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. तू बस जरा."