भूराचे दात, काकांचा हात

कुत्रेवाल्या माणसांना किस्से सांगायला निमित्त लागत नाही. सिविल लाइंसच्या मागच्या मैदानावर आम्ही चार-पाच जण रोज सकाळी कुत्री घेऊन जमतो. कुत्री वास घेत हिंडतात, आणि माणसांना बोलण्यावाचून दुसरं काम उरत नाही. गोष्टी साचत जातात. तिथे निम्म्या लोकांची खरी नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत. मी स्वतः 'चिंगी की मम्मी' आहे. ऑफिसच्या दारावरची माझी पाटी तिथे कुणाच्या कामाची नाही. पण आमच्या घोळक्यात सगळ्यात जास्त किस्से भूराचे, आणि ते नुसते हसून सोडून देण्यासारखे नाहीत.

*

भूरा देशकर काकांचा. म्हणजे आधी तो त्यांचा नव्हता. काका फॅक्टरीतून रिटायर झालेले. घरात ते आणि काकू, मुलगी केतकी पुण्याला. वरच्या मजल्यावर एक तरुण भाडेकरू होता, त्याने हे पिल्लू आणलं आणि वाढवलं. उघड्या हातांनी त्याच्याशी कुस्ती खेळायची, मनगट त्याच्या तोंडात द्यायचं, तो गुरगुरला की आणखी चिडवायचं, असा त्यांचा रोजचा खेळ. पुढे त्या मुलाला बंगलोरला नोकरी लागली. तिथल्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालणार नव्हता. तोवर भूरा चांगला घोड्याएवढा झालेला.

"कुठं जाईल तो आता?" एवढंच काका म्हणाले आणि भूरा खालच्या मजल्यावर आला.

पहिल्याच सकाळी मैदानावर भूराने आनंदाने उडी मारली आणि काकांचं मनगट तोंडात धरलं. रागाने नाही, खेळायला बोलवत होता. पण काकांच्या हृदयात स्टेंट घातलेला, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू. साधं खरचटलं तरी रक्त थांबत नाही. माझी ओढणी भिजली, मिश्राजींचा रुमाल भिजला. काका बाकावर बसून भूराकडेच बघत होते.

"खेळून राहिला तो," ते आम्हाला समजावत होते. "त्याला काय माहीत, मी गोळी घेतो म्हणून."

*

मग सल्ले सुरू झाले. मिश्राजी रेल्वेत आहेत, त्यांच्याकडे म्हातारी लॅब्रेडोर. त्यांनी सांगितलं की पेपरची सुरळी करून नाकावर एक द्यायची, दोन दिवसांत सुधारेल. काकांनी ऐकलं.

दोन दिवसांनी भूरा खरंच चावला नाही. आम्ही काकांचं अभिनंदन केलं.  काका मात्र म्हणाले की काल कानामागे खाजवायला म्हणून हात वर केला, तर त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

"मार खायला तयार होऊन बसला होता," ते म्हणाले. "मला असा कुत्रा नको. चावला तरी चालेल."

सुरळी त्या दिवशी रद्दीत गेली. आठवड्याच्या आत भूरा पुन्हा चावायला लागला, आणि काकांना त्याचा आनंदच झालेला दिसला!

*

शेवटी त्यांना मीच माझ्या चिंगीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी भूराला हात न लावता आधी बराच वेळ नुसतं पाहिलं. मग सांगितलं, की पिल्लं एकमेकांत वाढतात तेव्हा जोरात चावलं की दुसरं पिल्लू खेळ सोडून निघून जातं. असं करत किती जोराने धरायचं ते कळतं. हा एकटाच वाढला, आणि याला उलटंच शिकवलं गेलं: चावलं की खेळ रंगतो. आता वय झालं तरी शिकेल, पण वेळ लागेल. हाताने खेळणं बंद, तोंडात दोरी द्यायची. दात कातडीला लागला की हात ओढायचा नाही, ओरडायचं नाही. थांबायचं, हाताची घडी घालायची, पाठ फिरवायची. जरा वेळाने शांत झाला की पुन्हा खेळ. आणि हे सगळ्यांनी करायचं, एकानेही सूट द्यायची नाही.

काकांना बाकीचं जमलं. पाठ फिरवणं जमेना. एकदा घरी मला म्हणाले, मागे तो कुं कुं करतो, मला फार जड जातं.

काकू तिथेच उभ्या होत्या. "जन्मभर माझ्याकडे पाठ करून पेपर वाचला," त्या म्हणाल्या, "तेव्हा नाही जड गेलं."

त्या दिवसापासून काकांची पाठ बरोबर फिरायला लागली.

*

अडचण वेगळ्याच ठिकाणी निघाली. महिना गेला, घरी भूरा बराच सुधारला, आणि मैदानावर आला की जसाच्या तसा. कारण मिश्राजी. त्यांचा हात दणकट, भूराशी पंजा लढवल्याशिवाय त्यांची सकाळ सुरू होत नसे. आम्ही सांगितलं तर हसायचे. "अरे, मेरे को कुछ नहीं होता."

काका कुणाला दुखवणारे नाहीत. पण एकदा भूरा मिश्राजींशी झोंबून तसाच तापलेला काकांकडे आला आणि त्यांचा तळहात फाटला. काकांनी तो मुठीत आवळून धरला आणि शांतपणे म्हणाले, "मिश्राजी, आपको कुछ नहीं होता. मुझे होता है."

मिश्राजींचा चेहरा उतरला. ते आपल्या म्हाताऱ्या लॅब्रेडोरला घेऊन निघून गेले आणि मग कितीतरी दिवस मैदानावर फिरकलेच नाहीत. काका रोज गेटकडे बघायचे. म्हणायचे, कुत्र्याला शिकवता शिकवता माणूस तोडला मी.

एका सकाळी मिश्राजी आले. हातात एक जाड वेणी होती, बायकोच्या जुन्या ओढण्या पिळून बनवलेली, दोन्ही टोकांना गाठी.  हात पाठीमागे बांधून भूरासमोर उभे राहिले, तो शांत बसला तेव्हा ती वेणी पुढे केली. "ले भैया. हाथ नहीं, ये ले." काकांनी डोळे पुसले. वारा फार होता त्या दिवशी, असं ते आजही सांगतात.

*

दिवाळीला केतकी आली. वडिलांच्या हातावरचे काळेनिळे डाग बघून ती हादरली. डाग जुने होते, पण तिला कोण पटवणार? मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "मावशी, यांना काही झालं तर मी पुण्याहून पोचणारसुद्धा नाही. तुम्ही भूरासाठी दुसरं घर बघा." तिचं चूक म्हणवेना. भेडाघाटच्या रस्त्यावर एकांचं शेत आहे, त्यांच्याशी मी बोलले. ते तयार झाले. काकांना सांगायचं तेवढं राहिलं.

दुसऱ्या दिवशी केतकी स्वतः मैदानावर आली. काका आणि भूरा वेणीने खेळत होते. रस्सीखेच रंगात आली, काकांचा हात वेणीवरून पुढे घसरला, आणि वेणी आणखी वर पकडायला भूराने जबडा उघडला तो थेट मनगटावर आला. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. काकांनी हात ओढला नाही. त्यांना पाठ फिरवायचीही वेळ मिळाली नाही, कारण त्याआधीच भूराने तोंड सोडलं, दोन पावलं मागे सरकला आणि खाली बसला.

केतकीने धावत जाऊन तो हात दोन्ही हातांत घेतला, उलटासुलटा करून पाहिला. ओला होता फक्त.

 परतीच्या गाडीत बसल्यावर तिचा फोन आला. "मावशी, त्या शेतवाल्यांना नाही म्हणून सांगा. आणि बाबांना यातलं काही कळू देऊ नका."

*

या हिवाळ्यात काकांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात ते बरेच दिवस होते, मधले काही दिवस तर डॉक्टरही खात्रीने काही सांगेनात. काकू तिथेच. भूरा माझ्या घरी राइट टाउनला होता. जेवायचा, पण मी उठून गेल्यावर.

काका घरी आले त्या दुपारी मी आणि मिश्राजी भूराला घेऊन गेलो. काका व्हरांड्यात खुर्चीवर, शाल पांघरून. अर्धे झाले होते. तळहाताच्या मागच्या बाजूला सुया टोचून टोचून जांभळं झालेलं, कातडी कागदासारखी. भूराने फाटकातूनच त्यांना पाहिलं आणि असा हिसका दिला, की मिश्राजींनी दोन्ही हातांनी पट्टा धरला. काकू म्हणाल्या, "आज नको. लांबूनच दाखवा."

"छोड़ दो उसे, मिश्राजी," काका म्हणाले.

मिश्राजींनी काकूंकडे पाहिलं. काकू बाजूला सरकल्या. मिश्राजींनी पट्टा सोडला.

भूरा धावत पायऱ्या चढला आणि खुर्चीपाशी येऊन एकदम थांबला. खाली बसला. सगळं अंग थरथरत होतं, घशातून बारीक आवाज येत होता, पण जागचा हलेना. काकांनी शालीतून हात बाहेर काढला. भूराने मान दुसरीकडे वळवली.

"घे रे," काका म्हणाले. "आज घे."

तो घेईना. मग काकांनीच पुढे वाकून आपला हात त्याच्या तोंडात दिला.

भूराने तोंड मिटलं नाही. काकांचा हात जिभेवर तसाच ठेवून, जबडा उघडा धरून तो बसून राहिला. लाळ काकांच्या पायावर टपकत होती. मिश्राजी फाटकाकडे तोंड करून उभे राहिले.

"पुसायला कपडा आणते," काकू म्हणाल्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या.